एवढ्यावरून सांगता येणार नाही

सरवदे सरांना "जेवलात का?" असं विचारलं, की ते आधी विचारतात, "आज, की सहसा?"

हा विनोद नाही. विनोद करणारा माणूस निदान समोरच्याच्या तोंडाकडे बघून तो लागला की नाही याचा अंदाज घेतो. सर खरोखरच प्रश्न समजून घेत असतात. आजचं म्हणाल तर डबा अर्धा झालाय, उरलेला नंतर खाणार, तेव्हा याला जेवण म्हणायचं का, हा व्याख्येचा प्रश्न. सहसा म्हणाल तर गेल्या महिन्यात त्यांचं पोट बिघडलं होतं, मग तो महिना धरायचा की वगळायचा? एवढं होईपर्यंत विचारणारा स्वतः जेवून, हात धुऊन परत आलेला असतो.

आमच्या संस्थेत विकासाच्या अर्थशास्त्राचं संशोधन चालतं. म्हणजे गरीब माणूस गरीब का राहतो याचा एसीत बसून विचार करायचा. मी त्यातली नव्हे. मी प्रकाशन विभागात आहे. विद्वानांच्या इंग्रजीतले स्वल्पविराम उचलून योग्य जागी ठेवणे हे माझं काम. अर्थशास्त्रातलं मला ओ की ठो कळत नाही. नवऱ्याच्या आयटीतल्या नोकरीमागे पुण्याहून हैदराबादला आले आणि इथलीच झाले. अख्ख्या इमारतीत मराठी बोलणारे आम्ही दोघंच, मी आणि सरवदे सर. माझं मराठी पुण्याचं, त्यांचं देगलूरकडचं, आणि त्यांच्या मराठीला इतक्या वर्षांच्या हैदराबादी मुक्कामाची फोडणी. माझी मुलगी, जिला पुण्यात बसमधून एक मराठी पाटी वाचायला दोन थांबे लागतात, ती म्हणते, आई, तुझ्यापेक्षा सरांचं मराठी सोपं आहे.

पहिल्या दिवशी मी कँटीनमध्ये त्यांना विचारलं होतं, इथला चहा कसा असतो? सर कपात बघत राहिले. मग म्हणाले, "बरा आहे. पण मी एकाच कपावरून सांगायलोय मॅडम." मला वाटलं ते त्या दिवशीच रुजू झाले असावेत. नंतर कळलं की ते त्या कँटीनचा चहा माझ्या लग्नाच्या आधीपासून पितात.

"एवढ्यावरून सांगता येणार नाही" हे त्यांचं ब्रीदवाक्य. पाऊस येईल का, पोरगा पास होईल का, हा आंबा गोड निघेल का, सगळ्याला एकच उत्तर. त्यांच्या पत्नी नांदेडला शाळेत मुख्याध्यापिका आहेत. बदली मागून मागून दोघंही थकले. सर दिलसुखनगरला कोचिंग क्लासेसच्या गर्दीत एका फ्लॅटमध्ये एकटे राहतात आणि जमेल त्या शनिवारी गौलीगुड्याकडून नांदेडची बस पकडतात. एकदा वहिनी ऑफिसात आल्या होत्या. मी म्हटलं, सर घरीसुद्धा असंच बोलतात का? त्या हसून म्हणाल्या, "लग्नाला हो म्हणाले ना, तेव्हा पण 'सध्या तरी हो' म्हणाले होते. माझे वडील तर उठूनच चालले होते."

सरांचं एक पुस्तक आहे. एकच. रविवारी नांदेडला जाणं झालं नाही की ते कोठीच्या बाजारात जातात आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून आपलं पुस्तक कुणी विकायला काढलंय का ते शोधतात. सापडलं नाही की हायसं वाटतं. मग परतीच्या वाटेवर मनात येतं, सापडत नाही म्हणजे मुळात कुणी घेतलंच नसेल. सोमवारी ते ही दोन्ही अनुमानं माझ्यापुढे मांडतात आणि यातलं कोणतं खरं हे एवढ्यावरून सांगता येणार नाही म्हणून डबा उघडतात.

आता इतका ताक फुंकून पिणारा माणूस कधीतरी दुधाने पोळलेला असतोच. सरांचं ते दूध शेळीचं. त्यांच्या तरुणपणी एका सभेत ते म्हणाले होते की अमुक गावात शेळ्या पाळणारी घरं जरा बरी दिसतात. पण कदाचित ती आधीच बरी आहेत म्हणून त्यांना शेळ्या पाळता येत असतील. एका वार्ताहराने यातलं पहिलं वाक्य घेतलं आणि दुसरं सोडलं. बातमी गावात पोचली. एका माणसाने चांगली बैलजोडी विकून शेळ्या घेतल्या. त्याच वर्षी रोग आला आणि शेळ्या पटापट गेल्या. सर पुन्हा गावात गेले, तेव्हा तो माणूस चिडला नाही, ओरडला नाही. त्याने सरांना बसायला घोंगडी दिली आणि म्हणाला, आता काय घेऊ ते सांगा सर, तुम्ही शिकलेले आहात. त्या दिवसापासून सरांच्या वाक्यांना पूर्णविराम म्हणून लागत नाही. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, आणि तेही मी त्यांच्या एका लेखातले सगळे 'कदाचित' खोडून परत पाठवले तेव्हा. मी मुकाट्याने अर्धे 'कदाचित' परत घातले.

त्यांचं आयुष्यभराचं काम म्हणजे तीन गावांचा अभ्यास. त्यांच्या गुरुजींनी सुरू केलेला. दर काही वर्षांनी त्याच तीन गावांत, त्याच घरांत जायचं आणि तेच प्रश्न विचारायचे: काय पेरलं, कुठे कामाला गेलात, कोण आजारी पडलं, पोरगी शाळेत जाते का. एकदा विचारून फोटो निघतो, पुन्हा पुन्हा विचारलं की माणसाचं चालणं दिसतं, असं काहीसं ते सांगतात. घरातून निघताना "परत येऊ" असं म्हणून निघायचं, ही गुरुजींची शिस्त. सर म्हणतात, "आपण शब्द देऊन येतो मॅडम. ते लोक विसरत नसतात."

एवढ्या कामातून सरांनी ढीगभर लेख छापायला हवे होते. ते होत नाही, कारण सर लष्कराच्या भाकऱ्या भाजत बसतात. विद्वानांच्या जगात एक पद्धत आहे. कुणीही लेख नियतकालिकाकडे पाठवला, की संपादक लेखकाचं नाव काढून तो त्या विषयातल्या दुसऱ्या कुणाकडे तपासायला देतो. हा तपासणारा म्हणजे रेफरी. लेख कुणाचा हे रेफरीला कळत नाही, आणि रेफरी कोण हे लेखकाला कधीच कळू द्यायचं नसतं. पैसे नाहीत, नाव नाही, आभारसुद्धा "अनामिक रेफरीचे आभार" एवढेच. गुप्तदानच म्हणा. शहाणी माणसं असे लेख टाळतात किंवा चार ओळी खरडून मोकळी होतात. सर एकेका लेखावर आठवडेच्या आठवडे घालवतात. खोलीचं दार बंद. आत काय चाललंय ते मला दाखवत नाहीत, नियम म्हणजे नियम. फक्त चहाला आले की चेहऱ्यावरून कळतं. "परेशानी अशी आहे मॅडम, पोरगं हुशार दिसायलंय, पण त्याला कुणी नीट सांगितलेलंच नाही." कोण पोरगं, कुठलं, काही माहीत नाही. मुलगी असेल, म्हातारा असेल. सर मात्र रात्रीची झोप उडाल्यासारखे. मी म्हणायचे, सर, तुमचा स्वतःचा लेख कुठवर आला? त्यावर ते डब्याच्या झाकणाकडे बघायचे.

अशात आमच्याकडे नवे संचालक आले. हुशार माणूस, हसतमुख, घाईतला. त्यांनी सगळ्या कामांचा आढावा घेतला आणि तीन गावांच्या अभ्यासापाशी त्यांचं बोट थांबलं. इतकी वर्षं चाललंय, यातून निघालं काय? सर म्हणाले, एवढ्यावरून सांगता येणार नाही. कुठल्याही संचालकापुढे म्हणू नये असं हे वाक्य सरांनी बैठकीत, सगळ्यांच्या देखत म्हटलं. ठरलं असं की बाहेरून एका तज्ज्ञ बाईंना बोलवायचं, सरांनी त्यांच्यापुढे सेमिनार द्यायचा, आणि त्या काय म्हणतील त्यावर अभ्यास चालू ठेवायचा की बंद करायचा ते ठरवायचं. तज्ज्ञ म्हणजे परदेशी विद्यापीठात शिकवणाऱ्या, मूळच्या ओरिसाच्या मोहंतीबाई. मोठं नाव. गोड बोलून सोलून काढतात अशी कीर्ती.

नाव ऐकताच सरांचा चेहरा उतरला. "मोहंती? त्या ओरिसाच्याच का?" असं त्यांनी मला कितीदा विचारलं असेल. मी म्हटलं हो, त्याच. त्या दिवशी त्यांनी चहा तसाच ठेवला. मला वाटलं, बाईंचा दरारा असणार.

मग तयारी सुरू झाली. सरांनी माझी खोली तालमीसाठी घेतली. सरांच्या प्रत्येक स्लाइडवर एक ओळ विधान आणि खाली बारीक अक्षरांत ते विधान का खरं नसू शकतं याची कारणं. प्रस्तावना इतकी लांब की नमनालाच घडाभर तेल संपावं. मी कात्री घेऊन बसले. मी एक स्लाइड उडवली की सर रात्रीतून दोन आणायचे. सगळ्यात शेवटची स्लाइड "निष्कर्ष". शीर्षक होतं, खाली पांढरं. मी हटून बसले की निदान एक वाक्य लिहा, त्याशिवाय मी उठणार नाही. सरांनी घाम पुसत लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्या वाक्यात "बहुधा" शिरला. तिसऱ्या दिवशी आणखी एक "बहुधा". सेमिनारच्या आदल्या दिवशी बघते तर वाक्यापुढे प्रश्नचिन्ह.

हसावं की रडावं कळेना. कारण एव्हाना मलाही धास्ती लागली होती. सर वाळले होते. प्रोजेक्टर चालेल का म्हणून रोज सभागृहात जाऊन तो लावून बघायचे, आणि रोज चालतो म्हणजे नेमका त्या दिवशी बंद पडणार असं म्हणायचे. पाहुणीला विमानतळावरून आणणारी गाडी, गेस्ट हाऊसचा उपमा, सभागृहाचा एसी, सगळ्याची काळजी त्यांनी आपल्या डोक्यावर घेतली. आमचा यादगिरी, जो चहा आणतो आणि सगळ्यांची खबर ठेवतो, तो हळूच मला म्हणाला, "सर कू बुखार है क्या मॅडम? अपने आप से बातां कर रै." मी म्हटलं, परीक्षा आहे त्यांची. तो म्हणाला, इस उमर में? ते खरंच होतं. निवृत्तीला आलेला माणूस, आणि त्याने जन्मभर जे केलं ते एका दुपारी पास की नापास होणार होतं. अभ्यास बंद म्हणजे पुन्हा त्या गावांत जाणं बंद. "मग त्या घरांना सांगायचं कुणी?" असं सर मधेच विचारायचे. त्यांना वाटे, लोक वाट बघत बसतील.

मोहंतीबाई आल्या. ठेंगण्या, पिकल्या केसांच्या, हातमागाची साडी, पायात चपला. पहिल्या रांगेत बसल्या आणि पेनाचं टोपण काढलं. सर उभे राहिले. प्रोजेक्टर चालला, यामुळेच सर प्रथम गडबडले. पण हळूहळू सावरले. गावांबद्दल बोलू लागले की त्यांचा आवाज बदलतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं. बाईंनी नमुना म्हणून घेतलेल्या घरांबद्दल एक-दोन टोकदार प्रश्न विचारले. सरांनी इतकी बारकाईने उत्तरं दिली की मागच्या रांगेत दोघंजण डुलायला लागले. तरी मला बरं वाटत होतं. जमतंय, असं वाटत होतं.

मग बाईंनी पेन खाली ठेवलं. त्या म्हणाल्या, तक्ते राहू द्या बाजूला. इतकी वर्षं तुम्ही या घरांत जाताय. तुम्हाला कळलेली एक गोष्ट सांगा. एकच.

सर बाईंकडे बघत उभे. त्यांचे ओठ हलले, काहीतरी विचारायचं असल्यासारखे ते एक पाऊल पुढेही आले, आणि थांबले. शेवटी म्हणाले, एक सांगितली तर बाकीच्यांवर अन्याय होईल. कुणीतरी फिसकन हसलं. संचालकांनी वहीत काहीतरी टिपलं. मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. घोडं गंगेत न्हायला निघालं होतं आणि काठावरच बसलं.

नंतर चहा. व्हरांड्यात टेबल मांडलेलं, समोसे, उस्मानिया बिस्किटं. टेबलापाशी संचालक, मोहंतीबाई, मी, आणि जरा मागे, कप दोन्ही हातांत धरून सरवदे सर. त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं. संचालक वातावरण हलकं करायला म्हणाले की आजकाल रेफरी लेख वाचतसुद्धा नाहीत, दोन ओळी लिहितात आणि त्याही चुकीच्या. बाई म्हणाल्या, सगळे तसे नसतात. आणि मग त्यांनी सांगायला सुरुवात केली.

त्या विद्यार्थिनी असताना त्यांनी पहिला लेख पाठवला होता. ओरिसातल्या एका गावाच्या सर्वेक्षणावर. नकार येणार याची त्यांना खात्री होती. नकार नाही आला, रेफरीचं पत्र आलं, लेखाहून थोडंसंच लहान. त्यात कुठे चुकलं, का चुकलं, कसं दुरुस्त करता येईल, सगळं एखाद्या घरच्या माणसाने शेजारी बसून समजावावं तसं. बाई म्हणाल्या, मला अर्थशास्त्र माझ्या गाइडने नाही शिकवलं, त्या पत्राने शिकवलं. आणि सगळ्यात नवल शेवटच्या प्रश्नाचं. माझ्या लेखात एक तळटीप होती. एक घर मी हिशोबातून वगळलं होतं. एकटी राहणारी म्हातारी; पहिल्या वेळी बोलली, दुसऱ्या वेळी गेले तर दार उघडेना. आत चालताना दिसत होती, पण उघडेना. आम्ही फॉर्मवर "उत्तर देण्यास नकार" याचा ठरलेला आकडा टाकला आणि पुढे गेलो. तर त्या रेफरीने शेवटी विचारलं होतं, ती म्हातारी बरी होती का? पुन्हा जाऊन पाहिलंत का?

माझ्या हातातलं बिस्कीट चहात पडलं. अख्ख्या भारतात असा प्रश्न विचारणारा रेफरी एकच असू शकतो, हे कळायला अर्थशास्त्र यायला नको. मी सरांकडे पाहिलं. ते कपात बघत होते.

बाई म्हणत होत्या, तो माणूस कोण ते मला कधीच कळलं नाही. भेटला तर त्याच्या पायाच पडेन. माझ्या जिभेवर शब्द आले. एक वाक्य, बस. हे काय, तुमच्या मागे उभे आहेत. तीन गावं, सगळी घरं, सरांचा जन्म, सगळं त्या एका वाक्याने वाचलं असतं. मी तोंड उघडलं आणि सरांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. या माणसाने माझ्याकडे आजवर कधी अशा ठाम नजरेने पाहिलं नव्हतं. त्यात "कदाचित" नव्हतं. मी तोंड मिटलं.

इतक्यात गाडी आली. संचालक घड्याळ बघून म्हणाले, मॅडम, विमान चुकेल, रस्त्याला गर्दी असते. बाई कप ठेवून वळल्या. पायऱ्यांपर्यंत पोचल्या. आणि सरवदे सर, जे कुणाचं बोलणं मधे तोडत नाहीत, लिफ्टमध्येसुद्धा सगळ्यांच्या शेवटी शिरतात, ते संचालकांना ओलांडून पुढे गेले आणि बाईंच्या वाटेत उभे राहिले.

"मॅडम," ते म्हणाले, "वो अम्मा... अच्छी थी क्या?"

बाई थांबल्या. संचालकांनी गाडीचं दार उघडून धरलं होतं. बाईंनी सरांकडे जरा वेळ पाहिलं आणि मग सावकाश, फक्त त्यांनाच सांगावं तसं सांगितलं. त्या पत्रानंतर त्या परत त्या गावाला गेल्या होत्या. म्हातारीला मधल्या काळात ऐकू येईनासं झालं होतं. दार वाजलेलं तिला कळतच नव्हतं, एवढंच. यावेळी खिडकीशी जाऊन हात हलवला, तर धावत आली, कुरमुरे दिले, आणि इतके दिवस कुठे होतीस म्हणून रागावली. पुढे बरीच वर्षं जगली. तिचे आकडे हिशोबात घेतले, म्हणून तळटीप काढून टाकली. हे सगळं रेफरीला कळवायचं होतं, पण संपादकांनी लेख पुन्हा त्याच्याकडे न पाठवता परस्पर छापला.

सर म्हणाले, "अच्छा हुआ." बाई गाडीत बसल्या. त्यांना काही उमगलं की नाही, मला सांगता येत नाही.

निकाल सांगून टाकते, उगाच टांगून ठेवत नाही. काही आठवड्यांनी बाईंचा अभिप्राय आला. अभ्यासाची आणखी एक फेरी व्हावी. पण या फेरीत प्रश्न कमी विचारावेत, आणि इतक्या वर्षांत काय कळलं ते प्रत्येक घरात बसून, त्या लोकांच्या भाषेत त्यांना सांगावं. हे काम सरवदेंनीच करावं. संचालकांनी मान्य केलं. ते वाचून सरांना आनंदाने नव्हे, धसक्याने पित्त झालं. लोकांना नक्की काय सांगायचं, यावर आमची तालीम सध्या चालू आहे, आणि माझी कात्री बोथट होत आलीय.

पण हे नंतरचं. त्या दुपारी गाडी गेली तेव्हा अभ्यास बंद पडणार असंच आम्ही दोघं धरून चाललो होतो. संचालक आत गेले. यादगिरी कप गोळा करत होता. मी सरांना म्हटलं, "सर, तो रेफरी तुम्हीच ना?"

"ते सांगायचं नसतं मॅडम."

"त्यांना नका सांगू. मला सांगा."

"कुणालाच नसतं."

मला राग आला. मी म्हटलं, एक शब्द बोलला असतात तर सगळं वाचलं असतं. सर म्हणाले, "वाचलं असतं. पण तिनं माझ्याकडं बघून वाचवलं असतं. गावांकडं बघून नाही." मग व्हरांड्याच्या कठड्याला टेकून उभे राहिले, आणि मी काही विचारलं नसताना हळूहळू बोलायला लागले.

"पेपर छापून आला तेव्हा मी उघडून बघितला. खाली नाव होतं मोहंती, म्हणून लक्षात राहिलं. बघतो तर ती तळटीपच नाही. मला वाटलं, म्हातारी गेली. ही पोरगी माझ्या सांगण्यावरून परत गेली असणार, दाराला कुलूप बघून आली असणार, आणि गुपचूप काढून टाकलं असणार. आणि मी खामखा विचारून त्या लेकराच्या जिवाला घोर लावला." त्यांनी हातातला कप कठड्यावर ठेवला. "आज तिनं एक गोष्ट सांगा म्हटलं ना, तेव्हा माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच मॅडम. हिला कसं विचारू, एवढंच होतं. विचारलं तर तिला कळणार, मी कोण."

म्हणजे इतके दिवस मी ज्या भीतीची चेष्टा करत होते, ती सेमिनारची नव्हतीच. ओरिसातल्या कुठल्याशा गावात कुठलीशी म्हातारी, जिला यांनी कधी पाहिलं नाही, जिचं नावही माहीत नाही, आणि दिलसुखनगरच्या फ्लॅटमध्ये हा एकटा माणूस वर्षानुवर्षं तिची काळजी करत होता. मला गलबलून आलं. मी म्हटलं, सर, आता तरी बरं वाटतंय ना?

त्यांनी या प्रश्नावर विचार केला. "अशी लई घरं आहेत मॅडम," ते म्हणाले. "लोकांच्या पेपरातली. आपण विचारतो, आणि पुढं काय झालं ते आपल्याला कुणी कळवत नसतं. आज एकीचं कळलं."